टाचा रस्त्याकडे

खानेसुमारी सर कुणाच्याही दारात गेले की आधी खाली बघत. घरधनी "या, या" म्हणत असे आणि सर उंबऱ्याबाहेरच्या चपला न्याहाळत उभे. मग मान वर करून विचारत, "पाचच जणं हायसा व्हय घरात? थोरला कुठं गेला?" थोरला खरंच गेलेला असे, बहुतेक वेळा पुण्याला. नवख्या माणसाला प्रश्न पडे, हा मास्तर आहे की जोतिषी. आम्हाला त्याचं काही वाटत नसे. अंथुर्ण्यात लग्न असो की दहावा, मांडवाबाहेर चपलांच्या ढिगाशी उंच, किंचित वाकलेला माणूस दिसला की समजायचं, सर आले आणि मोजणी सुरू झाली.

ते गावच्या हायस्कुलात भूगोल शिकवायचे. जनगणनेचं काम आलं की बाकीचे मास्तर डॉक्टरचं सर्टिफिकेट शोधायला लागत, आणि सर मात्र मागून घेत. गावातली म्हातारी माणसं त्या कामाला जुन्या शब्दात खानेसुमारी म्हणत, तेच नाव सरांना चिकटलं. त्यांचं खरं नाव पेन्शनच्या कागदावर तेवढं उरलं होतं. "चपला खोटं बोलत न्हाईत," ते सांगायचे. "माणूस सांगतो, पोरगं हितंच असतं. चपला सांगत्यात, दिवाळीपासून आलेलं न्हाय. आणि ध्यानात ठेव, टाचा रस्त्याकडं असल्या तर माणूस आत हाय. बोटं रस्त्याकडं असली तर निघायच्या बेतात हाय." मी नंतर मास्तरीण झाले, मोजणीला हिंडले, तेव्हा हे दरवेळी पडताळून पाहिलं. चुकलं नाही. एकदाच चुकलं, त्याचंच सांगायचं आहे.

सरांची न् माझी पहिली भेट गावात झाली नाही. आमचं घर मेंढरांवरचं. दिवाळी झाली की वाडीतल्या घराला कुलूप लावायचं, घोड्यावर भांडी-अंथरूण बांधायचं, कोंबड्या डालग्यात घालायच्या आणि सांगवीवरून नीरेच्या काठानं पश्चिमेला निघायचं. भोरचा घाट उतरून कोकणात. तिथल्या भातखाचरांत मेंढरं बसवायची, लेंडीखताच्या बदल्यात भात घ्यायचं आणि मृगाच्या आधी परत यायचं. मी तिसरीत होते म्हणजे तिसरीच्या पटावर होते. त्या वर्षी फेब्रुवारीत शिरगणती लागली. सर आमच्या वाडीत आले तर निम्म्या घरांना कुलपं. कोकणातला मोजणारा म्हणणार, ही वरची माणसं, यांचं गावाकडं होईल. गावाकडचा लिहिणार, घर बंद. सरांच्या हे लक्षात आलं आणि त्यांनी दोन दिवसांची रजा टाकली, बारामतीहून एसटी धरली, भोरला बदलली आणि विचारत विचारत महाडच्या अलीकडे आमच्या तळावर येऊन थडकले. बरोबर तिथल्या शाळेतला एक मास्तर होता. त्याला ओढून आणलाय हे त्याच्या तोंडावरच दिसत होतं.

त्या मास्तरानं वही उघडून आण्णांना, म्हणजे माझ्या वडलांना विचारलं, "पत्ता?"

आण्णा म्हणाले, "आज हितं. उद्याचं मेंढरं ठरिवत्यात."

मास्तरानं सरांकडे बघितलं. सर म्हणाले, "लिवा. मुक्काम हितंच. निजतो तितं मोजायचा माणूस, असा नियम हाय."

आण्णा जरा बिचकले होते. आमच्यात मेंढरांचा आकडा तोंडानं सांगत नाहीत, दृष्ट लागते. "गुरुजी, माणसं काय मोजायची ती मोजा. मेंढरं तेवढी इचारू नगा," ते म्हणाले. मास्तरानं भराभर लिहिलं, पाच माणसं. सर पालाच्या तोंडाशी पडलेल्या आमच्या पायताणांकडे बघत होते. मग त्यांनी आत वाकून बघितलं. "सहा," ते म्हणाले. "झोळीतलं ऱ्हायलं तुमचं." झोळीत माझा धाकटा भाऊ होता, दोन महिन्यांचा. सर निघताना मला म्हणाले, "ज्याला अजून चपला न्हाईत त्याला लोकं इसरत्यात. तू इसरू नगंस." मला काही कळलं नाही. पण घाट उतरून एक माणूस फक्त आम्हाला मोजायला आला, आणि मोजून परत गेला, एवढं कळलं. चहासुद्धा प्याला नाही, त्याची परतीची गाडी होती.

पाचवीत मी हायस्कुलात आले. तोवर सरांनी आण्णांच्या मागं लागून मला चुलतीकडे गावातच ठेवायला लावलं होतं. वर्गात सर पुस्तकी बोलत, वर्गाबाहेर पाय पडला की गावचं. पहिल्याच तासाला त्यांनी मला फळ्याजवळ बोलावलं आणि आमच्या मेंढरांची वाट नकाशावर काढायला लावली. मला नकाशा कळत नव्हता, वाट कळत होती. मी मुक्काम सांगत गेले, ते खडूनं टिंबं देत गेले. सगळा वर्ग हसत होता, कारण मी 'तितनं खाली, मग वढा, मग चिंच' असं सांगत होते. सर हसले नाहीत. "हे हंगामी स्थलांतर," ते म्हणाले. "पुस्तकात चार ओळींत आहे. ही सात महिने चालून आलीय." त्यानंतर वर्गात मला धनगराची म्हणून चिडवणं थोडं कमी झालं. बंद झालं असं म्हणणार नाही.

ऊसतोड सुरू झाली की ते आम्हाला भवानीनगरच्या वाटेवरच्या कोप्यांवर न्यायचे. मराठवाड्यातून टोळ्या आलेल्या असत, उसाच्या पाचटाच्या झोपड्या घालून. एकदा तिथल्या मुकादमाला सरांनी विचारलं, "माणसं किती तुमच्या टोळीत?"

"पंधरा कोयतं," मुकादम म्हणाला.

"कोयतं न्हाय इचारलं. माणसं?"

"कोयता म्हंजी जोडी, गुरुजी. नवरा-बायकू."

"म्हंजी तीस. आणि ती पाचटात खेळत्यात ती पोरं?"

मुकादमाला आकडा सांगता येईना. त्याला कधी लागलाच नव्हता. सर रागावले की त्यांचा आवाज बारीक व्हायचा. "दोन माणसांना एक म्हणायचं न् पोरांना शून्य, हा कुठला पाढा?" असं त्यांनी बारीक आवाजात विचारलं. मुकादम म्हणाला, "आमचा चालत आलेला हाय." मग आम्ही पोरांनी ती पोरं मोजली. ती एका जागी थांबत नव्हती म्हणून तीन वेळा मोजली, आणि तिन्ही वेळा वेगळा आकडा आला. सरांनी तिन्ही लिहून घेतले.

भूगोलाच्या वर्गाच्या मागच्या भिंतीवर त्यांनी गाव काढला होता. गल्ल्या, ओढा, कॅनॉल, आणि प्रत्येक घराचा एक चौकोन. घरात माणसं असली तर चौकोन पांढरा. घराला कायमचं कुलूप लागलं की सर कोळशानं तो भरत. दर वर्षी मे महिन्यात ते हे काम करत, स्टुलावर उभे राहून, आणि आम्ही खालून सांगायचो कुणाचं घर ते. काही घरं काळी होऊन परत पांढरी झाली. बारामतीच्या कारखान्यांत कामाला आलेल्या बिहारच्या पोरांनी आमच्याच गावच्या एका रिकाम्या घरात खोली केली, तेव्हा सरांनी ओल्या फडक्यानं तो चौकोन पुसला आणि दिवसभर खुशीत होते. पण बहुतेक काळी झाली की काळीच राहत. एकदा एका पोरानं विचारलं, "सर, तुमचं घर?" सरांनी पुस्तकातला नियम सांगावा तसं सांगितलं, "ते पांढरंच राहणार. गाव सोडून कोण कोण जातं ते बघायला एक जण मागं राहावा लागतो." आम्ही हसलो. त्यांनी ते गमतीनं सांगितलेलं नव्हतं, हे मला फार पुढं कळलं.

माणसं गाव का सोडतात याची दोनच कारणं, ते म्हणत: ढकल आणि ओढ. एक तर गाव ढकलतं, नाही तर शहर ओढतं. पुण्याच्या एसटीची वाट बघत फाट्यावर उभ्या असलेल्या पोराला ते हटकून विचारत, "काय रं, ढकललं का ओढलं?" चाकणला निघालेला एक पोरगा म्हणाला होता, "सर, ढकलल्यालं कळलं, वढ अजून लागायची हाय." सरांना हे इतकं आवडलं की पुढची कैक वर्षं ते प्रत्येक वर्गाला सांगत होते.

त्यांची बायको सांगवीची. आम्ही त्यांना काकी म्हणायचो. सर शिकवत, की सगळ्यात मोठं स्थलांतर बायकांचं असतं, पण लग्न होऊन गेलेल्या बाईला कुणी स्थलांतरित म्हणत नाही. हे ते आम्हाला अंगणात सांगत असताना काकी आतून म्हणाल्या, "मला कुणी ढकललं न्हाय न् वढलं बी न्हाय. गाडीत बशिवलं."  

त्यांना एकच मुलगा, शेखर. हुशार. बारामतीला शिकला, मग पुण्याला, आणि तिथंच एका कंपनीत लागला. सरांनी त्याला फाट्यावर सोडायला जाताना ढकललं का ओढलं विचारलं की नाही, कुणास ठाऊक. काकी म्हणायच्या, जाताना पोरानं पायातल्या जुन्या चपला दारात तशाच ठेवल्या आणि बूट घातले, आणि सरांनी त्या चपला तिसऱ्या दिवशी स्वतः उचलून आत टाकल्या. काकी भांडल्या, राहू द्या म्हणाल्या. सर म्हणाले, "जो हितं निजत न्हाय त्याच्या चपला दारात न्हाय. मी लोकांना काय तोंडानं सांगू?"

माणूस असा होता. नियम म्हणजे नियम. त्यांची मला भीती वाटायची, आणि मी मास्तरीण झाले ती त्यांच्यामुळे झाले, आणि हे मी त्यांना कधी नीट सांगितलं नाही. गावातच जिल्हा परिषदेच्या शाळेत लागले तरी दोन गल्ल्या ओलांडून त्यांच्याकडे जाणं महिन्या-दोन महिन्यांनी व्हायचं. पुढं हायस्कुलाची नवी इमारत झाली, जुन्या भिंतीला चुना लागला. सर तोवर निवृत्त झाले होते. मी सांगायला गेले तर म्हणाले, "बरं झालं. लई काळी झालती." तीन वर्षांमागं काकी गेल्या. दहाव्याला सर मांडवाच्या बाहेर आले नाहीत, चपलांच्या ढिगाकडे त्यांनी बघितलं नाही. त्यानंतर आठवडाभरानं मी गेले तेव्हा दारात एकच जोड होता, सरांचा, करकरणाऱ्या कातडी चपला, टाचा रस्त्याकडे. मी बसले, चहा प्याले, उठले. माझ्याकडे बोलायला काही नव्हतं. हल्ली माझं असंच होतं. जे वाटायला हवं ते वाटत नाही, नुसतं दिसतं.

यंदा जनगणनेच्या घरयादीचं काम लागलं. आता सगळं मोबाईलवर. वही नाही, पेन्सिल नाही. मला गावातलाच भाग मिळाला आणि त्यात सरांची गल्ली आली. हे त्यांना कुठून तरी कळलं. किराणाच्या दुकानात भेटले तेव्हा म्हणाले, "सुनंदे, माझ्याकडं कवा येतीस मोजायला?"

"येते की सर. तुमची गल्ली शेवटाला ठेवलीय. घाईत नको. निवांत बसू, चहा घेऊ."

"शेवटाला?" ते म्हणाले.  "शेखर न्यायचं म्हणतोय. रक्तदाबाचं झालंय थोडं. तू म्हणतीस तर थांबतो तवर."

"थांबा की. चार-पाच दिवस लागतील."

मला सहा लागले. एका गल्लीत मोबाईलला रेंज येईना, एक दिवस शाळेत तपासणी निघाली. मी आठवणीनं फोन करायला हवा होता. आठवण होती, फोन केला नाही.

सातव्या दिवशी सकाळी मी त्यांच्या दारात गेले आणि सवयीनं आधी खाली बघितलं. सरांच्या चपला जागच्या जागी होत्या, जोडीनं, टाचा रस्त्याकडे. मी हाक मारली. मग वर बघितलं तर दाराला कुलूप.

शेजारच्या हौसाकाकू पाणी भरत होत्या. "काल नेलं की पोरानं," त्या म्हणाल्या. "गाडी घिऊनच आल्तं. सर म्हणत हुतं, मॅडम यायच्या हायती, दोन दीस थांबूया. पोरगं म्हणालं, मला रजा न्हाय. मग बसलं गाडीत. बूट घालून. पोरानं आणल्यालं नवं."

"चपला राहिल्या त्यांच्या."

"व्हय. इसरलं आसत्याल."

मोबाईल माझ्या हातात होता. घराचा नंबर टाकला होता, पुढचा प्रश्न घराचा वापर कशासाठी. राहतं घर आणि माणूस एक, असं लिहायला मला कुणी अडवणार नव्हतं. दारात चपला होत्या. गाव मला ओळखतं. पण जो इथं निजत नाही तो इथं नाही, हे ज्यांनी शिकवलं त्यांच्याच दारात मी उभी होते. बंद घराला पुन्हा जायचं असतं. मी दोनदा गेले. कुलूप तसंच, चपला तशाच, त्यांच्यावर धूळ बसायला लागलेली. शेवटच्या दिवशी मी 'कुलूपबंद' लिहिलं आणि पाठवून दिलं. बोटानं एकदा दाबायचं असतं, बस्स. सरांना कोळशानं चौकोन भरायला यापेक्षा जास्त वेळ लागायचा. मला त्या वेळी काही वाटलं नाही. घरी आले, भाकरी केल्या.

पंधरा दिवसांनी रविवारी मी पुण्याला गेले. शेखरचा फ्लॅट अकराव्या मजल्यावर. लिफ्टमधून बाहेर पडले आणि खाली बघितलं. लांबलचक, पुसलेला, चकचकीत व्हरांडा, चार बंद दारं, आणि एकाही दाराशी एकही चप्पल नाही. चपलांचं कपाट आत असतं, मला नंतर कळलं. बाहेर ठेवलेल्या सोसायटीत चालत नाहीत.

सर गॅलरीजवळ खुर्चीत बसले होते, धुतलेल्या कपड्यांत, अंगानं वाळलेले. शेखरनं चांगली सोय केली होती. स्वतंत्र खोली, गोळ्यांचा डबा, बाई. पाण्याचा ग्लास घ्यायला मी आत गेले तेव्हा शेखर हळू आवाजात म्हणाला, "ताई, आमचं जनगणनेचं मीच मोबाईलवर भरलं. ते आधीच भरलेलं, बाबा यायच्या आधी. आम्ही तिघंच घातली. बाबांचं तिकडं झालं असेल ना? ती गल्ली तुमच्याकडंच होती ना?"

मी पाणी प्याले. होती, म्हणाले.

आण्णांच्या तळावर ओढून आणलेला तो मास्तर मला आठवला. इथले म्हणतात तिकडं होईल, तिकडचे लिहितात घर बंद. सर त्या दोन रेघांच्या मधोमध, अकराव्या मजल्यावर खुर्चीत. आणि मला एसटी धरून येऊन काही करता येण्यासारखं उरलं नव्हतं, कारण दुसरी रेघ मीच मारली होती.

मी बाहेर येऊन त्यांच्याजवळ बसले. गावातलं थोडं बोललो. उसाचं, कॅनॉलच्या पाळीचं. मग ते गॅलरीबाहेर बघत म्हणाले, "हितं शेजारी किती माणसं हायती, मला ठाव न्हाय. दारं बंद. खाली वॉचमन हाय, गोरखपूरचा. त्याला इचारलं, तुला मोजला का कुणी. म्हणाला, गाववाले समझते हैं यहाँ हुआ." ते हसल्यासारखे झाले. मग माझ्याकडे न बघताच म्हणाले, "माझं घर काय लिवलंस?"

मी सरांशी आयुष्यात एकदाही खोटं बोलले नव्हते. चुकलेला आकडासुद्धा चुकला म्हणून सांगितला होता.

"राहतं लिहिलं, सर," मी म्हणाले. "माणूस एक."

"पांढरं?"

"पांढरं."

  मग ते म्हणाले, "चपला दिसल्या व्हय तुला?"

"दिसल्या."

"टाचा रस्त्याकडं केल्या हुत्या मी. शेखर गाडीत बसल्यावर परत आलो, म्हणलं कुलूप बघून येतो. न् नीट ठिवल्या." ते पायांतल्या मोज्यांकडे बघत होते. "जल्मात पयल्यांदा खोटं मांडलं. म्हणलं सुनंदी आधी खाली बघंल."

मी मान हलवली. निघताना ते दारापर्यंत आले आणि माझ्या चपला कपाटातून स्वतः काढून त्यांनी माझ्यासमोर ठेवल्या, बोटं बाहेरच्या बाजूला करून.

एसटीत मला रडू यायला हवं होतं. आलं नाही. अंथुर्ण्याच्या फाट्यावर उतरले आणि घरी न जाता सरळ त्या गल्लीत गेले. कुलूप होतं. चपलांवरची धूळ मी पदरानं पुसली, त्या उलट्या झटकल्या आणि परत होत्या तशा ठेवल्या. हौसाकाकूंनी विचारलं, "न्हेणार व्हय त्यास्नी द्यायला?"

"नाही," मी म्हणाले. "सर आत आहेत."

काकूंनी कुलपाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि घागर उचलून घरात गेल्या.